आठ महिने कॅलरी मोजल्यावर: ॲप कामाचं, पण तो लाल आकडा काढा

मागच्या महिन्यात अपडेट आलं आणि माझ्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या. सलग 213 दिवसांच्या. तीनदा तक्रार केली, तिन्ही वेळा एकच छापील उत्तर आलं: ॲप काढून पुन्हा टाका. वर्षाचे पैसे आधीच भरलेत, त्यामुळे संताप जास्त. एक स्टार.

फायदा झाला, तो नाकारत नाही. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण 120 कॅलरी, हे मला माहीत नव्हतं. मी अंदाजाने ओतायचे. एकदा ओतण्याआधी मोजलं, तर अडीच चमचे भरलं! पहिल्या चार महिन्यांत साडेचार किलो उतरलं ते बरंचसं अशा गोष्टी कळल्यामुळे. बारकोड पटकन वाचला जातो, शोध बरा आहे.

माझं भांडण आहे ते लाल आकड्याशी. माझी मर्यादा 1,500. त्या आकड्यापर्यंत हिरवं, एक कॅलरी वर गेली की लाल, अधलंमधलं काही नाही. एका रात्री दहा वाजता ओट्यापाशी उभी राहून काट्यावर वाटी ठेवली आणि बदाम मोजले. 29 ग्रॅम झाले म्हणून एक परत डब्यात टाकला. 28 ग्रॅम खाल्ले, नोंद केली, आकडा 1,512. लाल. 'आजचा दिवस गेलाच' असं मनात आलं आणि तिथेच उभ्या उभ्या मी बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला. भूक अजिबात नव्हती. पुड्याची नोंदही केली नाही.

हे माझ्या एकटीचं नाही. 1975 साली हर्मन आणि मॅक या संशोधकांनी लोकांना आधी मिल्कशेक पाजला आणि मग हवं तेवढं आइस्क्रीम खायला सांगितलं. एरवी खाण्यावर लगाम ठेवणाऱ्यांनी मिल्कशेक पोटात गेल्यावर कमी नाही, उलट जास्त आइस्क्रीम खाल्लं. मर्यादा मोडली की लगामच सुटतो. मग बारा कॅलरींसाठी लाल दिवा कशाला लावायचा?

त्यात त्या बारा कॅलरी खऱ्या तरी होत्या का? ॲपमध्ये 28 ग्रॅम बदामाला 165च्या आसपास कॅलरी दाखवतात. हा हिशोब प्रथिनं आणि कर्बोदकांना ग्रॅममागे 4, स्निग्धाला 9 असा धरलेला असतो. पण 2012 मध्ये अमेरिकी कृषी विभागाच्या संशोधकांनी माणसांवर मोजून पाहिलं, तेव्हा तेवढ्याच बदामांतून शरीराला 129च्या आसपास मिळतात असं दिसलं. बदामातली काही चरबी पेशींच्या भिंतीत अडकून न पचताच बाहेर जाते. म्हणजे त्या रात्री मी बहुधा मर्यादेच्या आतच होते. हे वाचलं तेव्हा रागाने डोळ्यांत पाणी आलं.

बहिणीकडे जेवायला गेले होते तेव्हाचंही सांगते. पहिला घास घ्यायच्या आधी मी विचारलं, "ताई, तेल किती चमचे घातलंस गं?" तिचा चेहरा उतरला. "का गं, तेलकट झालंय का?" तिने सकाळपासून खपून केलं होतं सगळं. मी अर्धवट जेवून उठले.

तीन आठवड्यांनी भर: वरचं सगळं रागात लिहून ठेवलं होतं. नोंदी काही परत आल्या नाहीत, म्हणून ॲप उघडलंच नाही. पहिला आठवडा फार घाबरत काढला. एका सकाळी काट्यावर 1.2 किलो जास्त दिसलं, तीन दिवसांत आपोआप उतरलं. पाणीच ते, शरीरात साठणाऱ्या ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे साठवणीतल्या साखरेबरोबर, त्याच्या साधारण तिप्पट पाणी साठतं, मिठाने आणखी. पूर्वी अशा सकाळी मी दुपारचं जेवण टाळायचे. या वेळी जेवले. तीन आठवड्यांत एकूण 300 ग्रॅम वाढलंय आणि रात्रीचा पुडा एकदाही फुटला नाही.

परवा पुन्हा उघडलं तर सेटिंगच्या चौथ्या पानावर आठवड्याची सरासरी दाखवायची सोय सापडली. आठ महिने ही तिथेच होती! रोज 1,500 ऐवजी आठवड्याला 10,500. एक दिवस जास्त, एक दिवस कमी, सगळं बसतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ वेस्टनहॉफर यांनी 1991 मध्येच ताठर आणि लवचीक नियंत्रण असा फरक दाखवला होता, आणि ताठरपणाबरोबर ताबा सुटणं जास्त आढळतं हेही. मग हीच सोय पहिल्या पानावर का नाही? म्हणून तीन स्टार, चार नाही.

आता मी फक्त तेल आणि सुकामेवा मोजते. आधी खाण्याच्या विकाराचा त्रास झालेल्यांनी असं ॲप डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, हे मनापासून सांगते. कंपनीला एकच विनंती: लाल रंग बंद करायचं बटण द्या. मुदत संपायला चार महिने आहेत. बटण आलं तर पुढच्या वर्षाचे पैसे भरेन, नाहीतर काटा ठेवेन आणि ॲप काढेन. रविवारी ताईकडे जेवायला बोलावलंय, तिथे दोन्ही नेणार नाही.