ठिपके धरायचे की मॉडेल? व्हीएफएक्स शॉटच्या कॅमेरा ट्रॅकिंगचा तुलनात्मक आढावा

पन्हाळ्याच्या तटासमोर, १५ मीटरवर, ६० सेंटिमीटरचा स्लायडर लावलाय. लेन्स ३५ मिलिमीटर, सेन्सर फुल फ्रेम, प्लेट (म्हणजे चित्रित केलेलं मूळ फुटेज) एचडी. कॅमेरा या टोकापासून त्या टोकापर्यंत तटाला समांतर सरकतो आणि फ्रेममध्ये तटाशिवाय काही नाही. नंतर या तटावर कॉम्प्युटरमध्ये लाकडी सज्जा उभा करायचा आहे. तो तटाला चिकटून दिसायचा तर खरा कॅमेरा दर फ्रेमला कुठे होता ते शोधावं लागतं, यालाच कॅमेरा ट्रॅकिंग म्हणतात.

हिशेब करून बघा. अख्ख्या शॉटमध्ये तट फ्रेममध्ये सुमारे ७५ पिक्सेल सरकतो. पण पुढे आलेला दगड आणि त्याच्या ३० सेंटिमीटर मागची खाच यांच्या सरकण्यातला फरक जेमतेम दीड पिक्सेल. नेहमीच्या पॉइंट ट्रॅकिंगला, म्हणजे चित्रातले ठिपके धरून चालणाऱ्या पद्धतीला, खोली कळते ती याच फरकातून. एकेका ठिपक्याच्या ट्रॅकिंगमध्ये अर्ध्या पिक्सेलची चूक सहज होते. मग त्या दीडमधून हाती काय उरणार? सॉल्व्ह (कॅमेऱ्याची जागा काढायचं गणित) होईल, एररचा (ठिपका दिसतो ती जागा आणि गणिताने आलेली जागा यांतल्या फरकाचा) आकडाही देखणा येईल, आणि सज्जा तटावर घसरत राहील.

हा शॉट जिओमेट्री ट्रॅकिंगचा, म्हणजे मोजून केलेलं थ्री-डी मॉडेल प्लेटवर बसवायच्या पद्धतीचा आहे. याउलट गिंबलवर (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या साधनावर) कॅमेरा घेऊन कोल्हापूरच्या भवानी मंडपातून चालत गेलात तर जिओमेट्रीच्या वाटेला जाऊच नका, पॉइंट ट्रॅकिंग ते काम कमी वेळात करतं. आमचं मत असं की निवड सॉफ्टवेअर पाहून करायची नसते, शॉट पाहून करायची असते. आणि ती एडिटच्या टेबलावर नव्हे, लोकेशनवर करायची असते, कारण मॉडेलची मापं तिथेच मिळतात.

दोन्हींमध्ये फरक कुठे आहे

पॉइंट ट्रॅकिंगमध्ये सॉफ्टवेअर चित्रातले ठळक ठिपके फ्रेममागून फ्रेम धरून ठेवतं. ते एकमेकांच्या तुलनेत कसे सरकले यावरून कॅमेऱ्याची जागा आणि ठिपक्यांची जागा, दोन्ही एकदमच शोधतं. जागेची आधी कसलीच माहिती लागत नाही, हा मोठा फायदा. ब्लेंडर या थ्री-डी सॉफ्टवेअरमध्ये आधारासाठी निवडलेल्या दोन फ्रेममध्ये (कीफ्रेममध्ये) समान असे किमान ८ ट्रॅक असले की सॉल्व्ह चालतो. प्रत्यक्षात २५-३० चांगले ट्रॅक, जवळ-दूर सगळीकडे पसरलेले, असावेत. स्केल मात्र त्याला कळत नाही. समोर खरा तट आहे की टेबलावरची प्रतिकृती, दोन्हींचं उत्तर एकच येतं. दोन ठिपक्यांमधलं खरं अंतर तुम्हीच सांगायचं.

जिओमेट्री ट्रॅकिंगमध्ये आकार आधीच तुमच्या हातात असतो. तटाचं, इमारतीचं किंवा एखाद्या यंत्रभागाचं थ्री-डी मॉडेल तुम्ही प्लेटवर पिना (मॉडेलचा बिंदू चित्रातल्या त्याच्या जागेशी जोडणाऱ्या खुणा) लावून बसवता. सॉफ्टवेअर त्या पृष्ठभागावरचं टेक्श्चर पुढच्या फ्रेममध्ये कुठे गेलं ते पाहतं आणि मॉडेल तसंच्या तसं बसेल अशी जागा शोधतं. दर फ्रेमला सहाच आकडे शोधायचे: तीन सरकण्याचे, तीन फिरण्याचे. झूम असेल तर फोकल लेन्थचा सातवा. शोधायचं इतकं कमी असल्यामुळे थोड्या पॅरॅलॅक्सवर (जवळ-दूरच्या गोष्टींच्या सरकण्यातल्या फरकावर) आणि थोड्या ठिपक्यांवरही काम निभतं. स्केल मापातूनच येतं. पण मॉडेल चुकीचं असेल तर ती चूक प्रत्येक फ्रेममध्ये उतरते आणि कितीही कीफ्रेम (इथे, हाताने जागा पक्की केलेल्या फ्रेम) लावले तरी जात नाही.

आणखी एक गोष्ट पहिल्यांदा वापरणाऱ्याच्या लक्षात येत नाही. एका जिओमेट्री ट्रॅकमधून फक्त कॅमेरा आणि वस्तू यांच्यातलं नातं कळतं. उसाची ट्रॉली रस्त्यावरून चाललीय आणि कॅमेराही जीपमधून सरकतोय, तर कोण किती हललं हे एकट्या ट्रॉलीवरून सांगता येत नाही. आधी रस्ता, खांब, घरं यांवरून कॅमेरा पॉइंट ट्रॅकिंगने सोडवायचा, मग त्या कॅमेऱ्यात ट्रॉलीचं मॉडेल ट्रॅक करायचं. तिथे दोन्ही पद्धती लागतात.

पॉइंट ट्रॅकिंग कधी पुरेसं आहे

कॅमेरा खरोखर जागा बदलतो, जवळ-दूरच्या स्थिर गोष्टी फ्रेममध्ये आहेत आणि पृष्ठभागावर टेक्श्चर आहे, तर पॉइंटच. रंकाळ्यावरून ड्रोन पदपथाच्या कडेने उडवला तर पाण्यावरचे सगळे ठिपके काढून टाका, किनारा आणि इमारती भरपूर पुरतात. महाद्वार रोडवर गर्दी असेल तर माणसांवरचे ठिपके मास्कने झाका आणि दुकानांच्या पाट्यांच्या वरचा भाग धरा.

तिपाईवरचा नुसता पॅन असेल आणि भर घालायची ती दूरच्या डोंगरावर किंवा आकाशात, तर ब्लेंडरचा ट्रायपॉड पर्याय वापरा. फिरणं कळतं, खोली कळत नाही, आणि दूरच्या गोष्टीला खोली लागतही नाही. इथे मॉडेल बनवण्यात घालवलेला वेळ वायाच जातो. पण त्याच पॅनमध्ये दोन-तीन मीटरवरच्या पायरीवर सावली पाडायची असेल तर पायरी मोजा आणि जिओमेट्रीकडे जा.

पॉइंट ट्रॅकिंगमधला सगळ्यात मोठा धोका एररच्या आकड्याचा. सरासरी एरर एका पिक्सेलच्या खाली, जमल्यास ०.३ च्या आसपास आणायचा असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. मग जास्त एररचे ट्रॅक एकामागून एक उडवले जातात. पण जास्त एरर बहुतेकदा कॅमेऱ्याजवळच्या ठिपक्यांचा असतो आणि खोलीची खरी माहिती त्यांच्याकडेच असते. ते गेले की उरलेले सगळे एका प्रतलात येतात. आकडा ०.२ होतो आणि सॉल्व्ह चुकतो. आकड्यावर विसंबू नका. जमिनीवर चौकटीचं ग्रिड आणि तीन वेगवेगळ्या अंतरांवर ठोकळे ठेवून सगळा शॉट चालवून पाहा.

मॉडेल कुठून आणायचं

खर्च इथे आहे, म्हणून निवडही इथेच ठरते.

किती अचूक हवं ते आधी ठरवा. वर सांगितलेल्या लेन्सवर, एचडी प्लेटमध्ये, १० मीटर अंतरावर एक पिक्सेल म्हणजे सुमारे साडेपाच मिलिमीटर. दरवाजाच्या रुंदीत ५ सेंटिमीटर चुकलात तर कड जवळजवळ ९ पिक्सेल सरकते. एका सेंटिमीटरच्या आत मोजलंत तर चूक दोन पिक्सेलच्या आत राहते. ३८४० पिक्सेल रुंदीच्या प्लेटवर चुकीचे हे पिक्सेल दुप्पट होतात.

साध्या वास्तूसाठी टेप, लेझर मीटर आणि गवंड्याचा ओळंबा पुरतो. ओळंबा विसरू नका. जुने दगडी तट क्वचितच सरळ उभे असतात, वर जाताना ते आत झुकतात. काटकोनातला ठोकळा केलात तर खालच्या पिना बसतात आणि वरच्या सुटतात. पन्हाळा संरक्षित आहे, जुलै २०२५ मध्ये तो मराठा लष्करी वास्तूंच्या गटातून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही गेला. दगडावर मार्कर चिकटवायचा विचारसुद्धा करू नये. चित्रीकरणाची परवानगी आधी घ्या आणि न स्पर्श करता लेझरने मोजा. मार्कर लावता येत नाहीत, हेच तिथे जिओमेट्री वापरण्याचं आणखी एक चांगलं कारण.

नक्षीकाम असेल तर फोटोग्रामेट्री, म्हणजे अनेक फोटोंवरून थ्री-डी मॉडेल. त्यासाठीचं मेशरूम सॉफ्टवेअर मोफत आहे, पण त्याच्या दाट मेशसाठी (पृष्ठभागाच्या बारीक जाळीसाठी) एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं. ढगाळ उजेडात, शेजारच्या दोन फोटोंमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास भाग समान राहील असे फोटो घ्या. फोटोग्रामेट्रीलाही स्केल कळत नाही, म्हणून फ्रेममध्ये एक मोजपट्टी ठेवा. लाखो पॉलिगॉनचा मेश ट्रॅकिंगला देऊ नका, काही हजारांवर आणा. कडा आणि कोपरे जपा, सपाट भाग कितीही विरळ झाला तरी चालतो. लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) असलेला आयफोन प्रो ढोबळ आकार पटकन देतो, पण तो कोपरे गोल करतो. मुख्य अंतरं टेपनेच पडताळा.

कोल्हापुरात आणखी एक स्रोत आहे आणि तो फारसा कुणी वापरत नाही: शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रींतली कॅड फाइल (भागाचं कॉम्प्युटरवर काढलेलं डिझाइन). कारखान्याच्या जाहिरातीत कास्टिंग हातात फिरवून त्यावर आतले तेलमार्ग चमकताना दाखवायचे असतील तर मॉडेल आयतं तयार आहे. फक्त फाइल नीट मागा. पॅटर्नच्या (साचा बनवायच्या नमुन्याच्या) कॅडमध्ये धातू थंड होताना आकसतो म्हणून माप वाढवलेलं असतं, ग्रे आयर्नला सुमारे १ टक्का. एकच वस्तू असेल तर सगळीकडे सारखी झालेली वाढ ट्रॅकिंगला फारशी जाणवत नाही, फक्त अंतर तेवढं जास्त येतं. पण मशिनिंग अलाउन्स (नंतर कापून काढायचा जादा धातू) आणि ड्राफ्ट (पॅटर्न साच्यातून सुटावा म्हणून दिलेला उतार) यांनी आकारच बदलतो, आणि कोअरने (साच्यात ठेवलेल्या गाभ्याने) पाडायची छिद्रंही त्यात वेगळी दिसतात. म्हणून मशिनिंग झालेल्या पार्टचीच स्टेप फाइल घ्या, फ्रीकॅड या सॉफ्टवेअरमध्ये उघडून ओबीजे या मेश फाइलमध्ये बदला, आतले न दिसणारे भाग काढून टाका. कॅड मिलिमीटरमध्ये असतं आणि ब्लेंडर मीटरमध्ये, म्हणून ०.००१ ने लहान करा. मशिन केलेला चकचकीत पृष्ठभाग हा इथला खरा शत्रू. चमक वस्तूबरोबर न फिरता दिव्याच्या जागेप्रमाणे सरकते आणि ट्रॅकर तिच्यामागे जातो. शूटच्या वेळी मॅट स्प्रे मारा, नाहीतर न चमकणाऱ्या ओबडधोबड भागावरच ट्रॅकिंग चालेल असा सरफेस मास्क लावा.

काम करताना

प्लेट इमेज सिक्वेन्समध्ये काढा. मोबाइलचं फुटेज बदलत्या फ्रेमरेटचं असू शकतं, तसंच वापरलंत तर मधल्या फ्रेम उडतात किंवा दुहेरी येतात. लेन्स डिस्टॉर्शन (लेन्समुळे चित्राला येणारा बाक) काढा, सेन्सरची रुंदी आणि फोकल लेन्थ भरा. सेन्सरच्या रुंदीत फार लोक चुकतात: ३५ मिलिमीटरची लेन्स ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरवर सुमारे ५४ अंश दाखवते, २३.५ वर ३७. काही कॅमेरे फोर-केमध्ये सेन्सरचा मधलाच भाग वापरतात, तेही बघा.

मॉडेल स्वच्छ, न ब्लर झालेल्या फ्रेमवर बसवा. ती पहिलीच फ्रेम हवी असं नाही. तीन पिनांत जागा पक्की झाली असं वाटतं, पण तीन बिंदूंना गणिताने एकाहून जास्त उत्तरं असू शकतात. चौथी पीन वेगळ्या खोलीवर लावा, पाचवी-सहावी दूरच्या कोपऱ्यांत. पुढे-मागे ट्रॅक करा. फ्रेमला फ्रेम जोडत जाताना चूक साठत जाते, म्हणून शेवटच्या फ्रेमवर जाऊन पिना हाताने बसवा, मग मधल्या एकावर, आणि या कीफ्रेमच्या दरम्यान रिफाइन (मधल्या फ्रेम पुन्हा जुळवून घेणं) चालवा. पाच-सहा कीफ्रेम लावूनही एकच कोपरा दर वेळी सुटत असेल तर थांबा. तिथे मॉडेल चुकलंय किंवा फोकल लेन्थ. दहावा कीफ्रेम लावून ती चूक फक्त झाकली जाते आणि शॉट थरथरू लागतो.

कुठे फसतं

वस्तू फ्रेममध्ये छोटी असेल तर. १०० पिक्सेल रुंद वस्तूच्या मापात अर्धा पिक्सेल चुकला की अंतरात अर्धा टक्का फरक पडतो, म्हणजे ६ मीटरवर ३ सेंटिमीटर. वस्तू पुढे-मागे धडधडताना दिसते. अशा वेळी फक्त खोलीचा कर्व्ह स्मूथ करा, बाकीचे पाच जसेच्या तसे ठेवा.

समान आकार दोघांनाही फसवतात, पण वेगवेगळ्या प्रकारे. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातले खांब बघा. पॉइंट ट्रॅकर एका खांबावरून शेजारच्या तशाच खांबावर उडी मारतो. जिओमेट्रीत एकटा गोल खांब घेतला तर तो स्वतःभोवती किती फिरला ते आकारावरून कळत नाही. दोन-तीन खांब, खालची फरशी आणि पायरी मिळून एकच मॉडेल करा, म्हणजे संदिग्धता जाते.

पावसाळ्यात पन्हाळ्यावरचं धुकं दूरचे ठिपके गिळतं आणि धुक्याच्या सरकत्या कडेलाच पॉइंट ट्रॅकर ठिपके समजतो. जिओमेट्री इथे स्पष्ट सरस, जवळचा तट दिसला तरी पुरे. गुऱ्हाळावर काहिलीतून उठणारी वाफ मात्र मास्क केल्याशिवाय दोन्ही पद्धतींत घात करते. वाऱ्यावर हलणाऱ्या उसात धरण्यासारखं काहीच नसतं. तिथे गुऱ्हाळाची शेड हेच मॉडेल.

रोलिंग शटरला जिओमेट्री जास्त बळी पडते. सेन्सर वरून खाली वाचायला २० मिलिसेकंद घेत असेल आणि २५ फ्रेमवर पॅनचा वेग फ्रेममागे ४० पिक्सेल असेल, तर चित्राचा वरचा आणि खालचा भाग यांत २० पिक्सेलचा तिरकेपणा येतो. ताठ मॉडेल त्यावर बसणार कसं? पॅन हळू करा.

वाकणाऱ्या वस्तू सोडून द्या. हातात फिरवलेली कोल्हापुरी चप्पल ट्रॅक होते, चालताना पायातली होत नाही, तळ वाकतो. तालमीतल्या पैलवानाच्या पाठीवर ताठ मॉडेल बसत नाही.

साधनं

पॉइंट ट्रॅकिंगसाठी ब्लेंडर, मोफत. त्यातच जिओमेट्री हवी तर कीनटूल्सचा जिओट्रॅकर हा ॲडऑन, तो न्यूक आणि आफ्टर इफेक्ट्ससाठीही आहे आणि विकत घ्यावा लागतो. आधी ट्रायलवर तुमचाच अवघड शॉट चालवून पाहा. सिंथआइज आणि पीएफट्रॅकमध्ये दोन्ही पद्धती आहेत. महिन्याला बरेच शॉट असतील तर त्यांचा विचार करावा. दुकानाची पाटी किंवा मोबाइलचा स्क्रीन बदलायचा असेल तर यातलं काहीच नको, मोकासारखं प्लेनर (सपाट पृष्ठभागाचं) ट्रॅकिंग घ्या.

ठरवताना एवढं विचारा: फ्रेममध्ये ताठ, मोजता येईल अशी वस्तू आहे का, आणि ती फ्रेमच्या निदान पाचव्या भागाइतकी मोठी राहते का? नसेल तर पॉइंट. असेल, पण कॅमेरा मोकळा फिरतोय आणि मापं घेतलेली नाहीत, तरीही पॉइंट. असेल, आणि कॅमेरा जेमतेम हलतोय, किंवा वस्तू स्वतः हलतेय, किंवा स्केल सेंटिमीटरपर्यंत जुळायला हवं, तर जिओमेट्री, आणि मॉडेलसाठी अर्धा दिवस वेगळा धरा.

शूटच्या दिवशी, दोन्हींपैकी काहीही निवडलं तरी, बॉडी आणि लेन्स दोन्हींचं स्टॅबिलायझेशन बंद ठेवा. कॅमेऱ्याची उंची, वस्तूपर्यंतचं अंतर, फोकल लेन्थ, फोकसचं अंतर आणि रेकॉर्डिंग मोड वहीत लिहा. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा ए-थ्री कागद सपाट प्लायवर चिकटवून आणा आणि त्याचा शॉट त्याच फोकसवर, लेन्स काढण्याआधी घ्या, लेन्स डिस्टॉर्शन त्यावरूनच मोजता येतं.