26 जानेवारीची टेस्टिंग

माझं माहेर पंचवटी, सासर सिडको. पन्नास वर्षं याच शहराचं पाणी पितेय. तरी मला नाशिकच्याच वायनरींच्या सहलीच्या नावाखाली 41,000 रुपयांना गंडवलं. बाहेरगावचा माणूस फसला तर लोक हळहळतात. मी फसले तर भाजीवालीसुद्धा हसली. हसू दे. पुढच्या सुट्टीला कुणाचे पाहुणे येणार असतील तर त्यांचे पैसे वाचावेत, म्हणून सगळं लिहितेय.

नणंद नागपूरला दिलेली. डिसेंबरात तिच्या मुलीचं लग्न झालं आणि जानेवारीअखेर नवे जावई पहिल्यांदाच मामाच्या घरी येणार होते. भाचीने फोनवर हळूच सांगितलं, "मामी, यांना वायनरी बघायच्यात गं. तुम्ही म्हणालात तर." नवा जावई पहिल्यांदा काही मागतोय म्हटल्यावर नाही कोण म्हणेल? पण खरं सांगायचं तर मी स्वतः वायनरीत एकदाच गेले होते, तेही शाळेच्या मैत्रिणींबरोबर पिझ्झा खायला. त्यामुळे कुठे जायचं, काय करायचं, याचा पत्ता नव्हता. आणि नाशिकची असून मला माहीत नाही हे कुणाला विचारायचीही लाज.

तेवढ्यात इन्स्टाग्रामवर जाहिरात आली. चार वायनरी, प्रत्येक ठिकाणी टेस्टिंग (म्हणजे वाईनचे घोट चाखून बघणं), द्राक्षं तुडवणं, द्राक्षबागेत कॉटेजमध्ये एक रात्र, जेवण आणि गाडीसकट माणशी 5,500. व्हिडिओत एक मुलगी जांभळ्या द्राक्षांत नाचतेय, मागे धरणाचं पाणी, मावळता सूर्य. मी फोन लावला. तिकडचा माणूस अगदी आपल्या बोलीत बोलला. "ताई, मी आडगावचाच. गंगापूर रोडला ऑफिस आहे, या ना चहाला." त्या चहाच्या आमंत्रणावरच माझा विश्वास बसला. पत्ता माझ्या घरापासून स्कूटीवर दहा मिनिटांवर होता. मी गेले नाही. नंतर गेले तेव्हा तिथे पिठाची गिरणी निघाली, आणि गिरणीवाल्याने सांगितलं की विचारत येणारी मी चौथी.

आता त्याने पाठवलेला कार्यक्रम बघा. सकाळी गंगापूरकडे, मग निफाड, दुपारचं जेवण दिंडोरीत, संध्याकाळी इगतपुरी. हा कागद मी वाचला, यजमानांनी वाचला, दोघांनीही मान डोलावली. निफाड शहराच्या एका अंगाला साधारण 40 किलोमीटर, इगतपुरी दुसऱ्या अंगाला 45. मध्ये दिंडोरी तिसऱ्याच दिशेला. प्रत्येक ठिकाणी टूर आणि टेस्टिंगला किमान दीड तास धरला, तर हा माणूस आम्हाला हेलिकॉप्टरने फिरवणार होता. सुला, यॉर्क, सोमा या गंगापूर धरणाच्या बाजूला एकमेकींच्या जवळ आहेत, तिथे दिवसात दोन, फार तर तीन होतात. कावनईची व्हॅलोने आणि सांजेगावची ग्रोव्हर झांपा इगतपुरी तालुक्यात, त्यांच्यासाठी वेगळा दिवस काढावा लागतो. कुंदेवाडीची रेव्हेलो निफाडकडे. हे मी आज घडाघडा सांगतेय. तेव्हा मात्र "चार वायनरी" या आकड्यावरच भाळले होते.

तारीख त्यानेच सुचवली. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची 26 जानेवारी आली होती. "ताई, रविवारी वायनऱ्यांत पाय ठेवायला जागा नसते. रविवारी संध्याकाळी कॉटेजवर या, सोमवारी निवांत टेस्टिंग." मला तो किती काळजीने सांगतोय असं वाटलं. हा मुद्दा लक्षात ठेवा.

सहा जणांचे 33,000. निम्मे आधी. पैसे पाठवताना स्क्रीनवर कंपनीचं नाव आलंच नाही, भलत्याच एका बाईचं नाव आलं. विचारलं तर "वहिनीचं खातं आहे ताई, चालू खात्याचं काम सुरू आहे." पाठवले. मग कॉटेज अडवून ठेवायला 8,000, परत मिळणारे. पाठवले. रविवारी सकाळी, पाहुणे आंघोळी करून बसलेले असताना, "उरलेले आले की गाडी सोडतो." तेही पाठवले. यजमान म्हणाले होते की पोचल्यावर देऊ. पण दारात जावई उभे आणि मी पैशावरून घासाघीस करतेय, हे मला बरं दिसेना. त्याला हे बरोबर ठाऊक असणार.

गाडी आली, म्हणून मला हायसं वाटलं. गाडीने आम्हाला दिंडोरी तालुक्यातल्या एका मळ्यावर नेलं. द्राक्षबाग खरीच होती आणि छान होती. कॉटेज म्हणजे मळ्यातलं औषधं ठेवायचं पत्र्याचं घर, त्यात चार गाद्या टाकलेल्या, कोपऱ्यात फवारणीचा पंप. जाहिरातीतलं धरण कुठेच नव्हतं. वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा "वेलकम मॅडम" म्हणत पुढे आला आणि आम्हाला थेट निळ्या प्लास्टिकच्या टबाशी घेऊन गेला. टबात तीन क्रेट द्राक्षं, हिरवी, निम्मी फुटलेली. "स्टॉम्पिंग करा, मी व्हिडिओ काढतो." भाची आणि जावई बिचारे उतरले. पाच मिनिटांत टबात पिवळट चिखल झाला आणि माशा घोंघावायला लागल्या.

तेवढ्यात मळ्याचे मालक आले, साठीचे गृहस्थ. त्यांनी टबात वाकून बघितलं. "ताई, ही मार्केटातून आणलेली खराब द्राक्षं आहेत. आणि हा थॉमसन आहे, खायचा. वाईनचं द्राक्ष वेगळं. बारीक, जाड सालीचं, आत बी असतं." मग जावयांनी वेलीवरच्या घडाला हात लावल्याबरोबर ते धावलेच. "खाऊ नका! एक्स्पोर्टचा प्लॉट आहे, परवाच फवारणी झालीय." औषध मारल्यावर ठरलेले दिवस गेल्याशिवाय माल तोडायचा नसतो, नाहीतर तपासणीत अंश सापडून अख्खा माल परत येतो, हे त्यांनी तिथेच समजावून सांगितलं. आमच्या पॅकेजमध्ये मात्र "वेलीवरून तोडून मनसोक्त द्राक्षं खा" असं लिहिलेलं होतं! त्यांना सांगितलं गेलं होतं की कॉलेजच्या मुलांना बाग बघायचीय, दोन हजार मिळतील. ते दोन हजारही त्यांना मिळाले नव्हते.

रात्री स्वागताची टेस्टिंग. त्या मुलाने मिनरल वॉटरच्या बाटल्यांतून जांभळं काहीतरी कागदी कपांत ओतलं. "आमची होममेड वाईन, रेड." नणंदेच्या यजमानांनी एक घोट घेतला, कप दूर धरला आणि म्हणाले, "हे तं खोकल्याचं औषध आहे बाप्पा!" सगळे हसले आणि कप बाजूला राहिले, हे आमचं नशीब. लेबल नसलेल्या बाटलीतलं काहीही पिऊ नका. खऱ्या बाटलीवर उत्पादकाचं नाव, बॅच नंबर, अल्कोहोलची टक्केवारी, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचा) परवाना क्रमांक, सगळं छापलेलं असतं. बिनलेबलच्या बाटलीत काय आहे हे ओतणाऱ्यालासुद्धा माहीत नसतं.

मला तेव्हाच निघायला हवं होतं. पण उद्याच्या वायनऱ्या तर खऱ्या आहेत ना, असं मी सगळ्यांना समजावत राहिले. स्वतःलाच समजावत होते बहुतेक.

सोमवारी सकाळी गंगापूरकडच्या एका मोठ्या वायनरीच्या दारात गाडी लागली. मी आमच्या बुकिंगचा कागद पुढे केला. काउंटरवरच्या मुलीने दोनदा तपासून सांगितलं, "मॅडम, या नावाने काहीच नाही. हा नंबरही आमचा नाही." मी म्हटलं, ठीक आहे, आत्ता पैसे भरून टेस्टिंग करतो. ती माझ्याकडे बघतच राहिली. "मॅडम, आज 26 जानेवारी आहे. ड्राय डे."

सकाळीच मी सोसायटीच्या ग्रुपवर झेंड्याचा फोटो टाकला होता. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशी राज्यात कुठेच दारू मिळत नाही हे न पिणाऱ्यालाही पाठ असतं, आणि वाईन त्यातून सुटत नाही. शिवाय आषाढी, अनंत चतुर्दशी आहेत, आणि निवडणूक असली की मतदान-मतमोजणीचे दिवसही. मला हे माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण "टेस्टिंग" या शब्दाच्या शेजारी "ड्राय डे" हा शब्द माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. त्या माणसाने तारीख अशीच निवडली होती की टेस्टिंग द्यायचीच वेळ येऊ नये. फोन केला तर पठ्ठ्या म्हणतो, "ताई, सरकारी आदेशाला आम्ही काय करणार? नियमात लिहिलंय, शासकीय कारणाने रद्द झालं तर परतावा नाही." आणि खरंच लिहिलेलं होतं, व्हॉट्सॲपवरच्या पीडीएफच्या शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात.

ड्रायव्हर मान खाली घालून उभा होता. त्याला फक्त दोन हजार आणि दोन ठिकाणांचे पत्ते मिळाले होते, निफाड-इगतपुरीचं नावसुद्धा नाही. यजमानांनी त्याला डिझेलचे पैसे दिले आणि आम्ही मिसळ खाऊन घरी आलो. नणंद सारखी म्हणत होती, "जाऊ दे वहिनी, आपण एकत्र होतो ना." तिच्या समजूतदारपणाने मला जास्तच रडू आलं.

दुपारी दुसरा फोन आला, यावेळी बाईचा आवाज. "मॅडम, तुमची तक्रार मिळाली, 8,000 डिपॉझिट परत करतोय. क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका." मी फोन हातात घेऊन स्कॅनरच उघडत होते. जावयांनी माझा हात धरला. "मामी, पैसे घ्यायला पिन कशाला लागतो?" आठवडाभर ज्यांच्यासमोर मान ताठ ठेवायची धडपड केली, त्यांनीच वाचवलं. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातातच. येणाऱ्या पैशाला काहीच करावं लागत नाही.

जावयांनीच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावून दिला, मग सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, आणि मंगळवारी सकाळी नाशिक शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात जाऊन आलो. तिथल्या हवालदारांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पैसे गेले कधी?" पहिला हप्ता जाऊन बारा दिवस झाले होते. पैसे गेल्या गेल्या कळवलं तर पुढच्या खात्यात ते अडवता येतात, नाहीतर एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून एटीएमला. आमच्या हातात सध्या तक्रार क्रमांक आहे, बाकी काही नाही. तुमच्याकडे मात्र स्क्रीनशॉट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि समोरचा मोबाईल नंबर लगेच हाताशी हवा. मी चॅट रागाने डिलीट केलं होतं. करू नका.

त्याच दुपारी आम्ही परत गेलो, यावेळी आपल्या गाडीने आणि वायनरीच्या स्वतःच्या वेबसाइटवर वेळ घेऊन. नकाशात दिसणाऱ्या नंबरवर भरोसा ठेवू नका, तो कुणीही बदलू शकतो. आणि गाडी चालवणारा न पिणारा असू द्या. आमच्यात तो मान यजमानांचा होता.

काय सांगू, एवढा मनस्ताप झाल्यावरही मजा आली. स्टीलच्या उंच टाक्या, थंड खोलीतली ओकची पिंपं. रेडला रंग सालीमुळे येतो म्हणून रस सालींसकट आंबवतात, व्हाइटला साली आधीच काढून टाकतात, हे मला या वयात कळलं. पाहुण्यांनी पायाने तुडवलेल्या द्राक्षांची वाईन होत नसते, ती नुसती गंमत. खरं काम मशीन करतं. तीही गंमत जानेवारी ते मार्च, काढणीच्या दिवसांतच. पावसाळ्यात वेली हिरव्यागार दिसतात पण घड नसतात. टेस्टिंगला सोव्हिन्यो ब्लाँ नावाची व्हाइट वाईन आली. नणंद कधीच घेत नाही, तिने नुसता ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाली, "ढोबळी मिरची!" समजावणाऱ्या मुलाने टाळ्याच वाजवल्या. म्हणे हाच तो वास, कधी पेरूचाही येतो. जावई दिवसभर सासूकडे नव्या आदराने बघत होते.

या सगळ्याला आता अडीच महिने झाले. परवा भाचीचा फोन आला, "मामी, इन्स्टा बघ." नवं नाव, नवा नंबर, तीच भाषा. "1 मेला जोडून तीन दिवस, द्राक्षबागेत मुक्काम, द्राक्षं तुडवा." मे महिन्यात! एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे वेली पार मागे छाटल्यावर, वेलीवर कोवळी फूट सोडून काही नसतं. मी खाली तसं लिहिलं. दहा मिनिटांत माझी ओळ गायब आणि मी ब्लॉक. मग यजमानांच्या फोनवरून परत बघितलं. फोटोत निळा टब, टबात हसणारे भाची आणि जावई, द्राक्षांना कुठल्याशा ॲपने जांभळा रंग दिलेला. टबाच्या कडेला माझी चप्पल दिसतेय.