शिबपूरचा ग्रेट बनियन: जा, पण खोड शोधत बसू नका

कोलकात्याला येणारी आपली मंडळी व्हिक्टोरिया, दक्षिणेश्वर, कालीघाट करतात, मिष्टी दोईची मडकी बांधून घेतात आणि गाडीत बसतात. बोटॅनिकल गार्डनमधल्या 'ग्रेट बनियन' या अवाढव्य वडाचं नाव काढलं की "वड काय बघायचाय, आमच्या गावच्या पारावर आहे की" हे ठरलेलं. साताऱ्याहून आलेल्या आमच्या काकूंचंही तेच चाललं होतं, तरी नेलंच त्यांना.

आधी पत्त्याचं सांगतो कारण तिथेच लोक चुकतात. गार्डन कोलकात्यात नाहीये, हुगळीच्या पलीकडे हावड्यातल्या शिबपूरला आहे. लांबलचक सरकारी नाव आचार्य जगदीशचंद्र बोस भारतीय वनस्पती उद्यान, पण ते कोणी घेत नाही, सगळे बी गार्डनच म्हणतात. कॅबने गेलात तर झाडाच्या जवळचं गेट कुठलं ते आधी विचारून घ्या. आमच्या कॅबवाल्याने भलत्याच बंद गेटपाशी उतरवलं आणि पैसे घेऊन पसार, मग भर उन्हात भिंतीच्या कडेकडेने चालत आलो. सोमवारी गार्डन बंद असतं हेही लक्षात ठेवा.

आता झाडाबद्दल. पहिल्यांदा बघणाऱ्याला खरं सांगायचं तर काहीच कळत नाही. लांबून ते झाड वाटतच नाही, एखादी राई वाटते. काकू तर दहा मिनिटं चालल्यावर म्हणाल्या, "अरे पण वड कुठाय?" म्हटलं काकू, मघापासून त्याच्याच कडेने चाललोय आपण. मग पुढचा प्रश्न, "मग खोड कुठाय?" तर खोड नाहीच्चे! १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांत मोठ्या फांद्या मोडल्या, त्या जखमांतून बुरशी शिरली आणि शेवटी १९२५ साली मुख्य खोड कापून काढावं लागलं. त्या खोडाचा घेर पंधरा मीटरच्या वर होता म्हणे. खोड गेलं तरी झाड राहिलं कारण तोवर पारंब्या जमिनीत शिरून स्वतःच खोडासारख्या जाड झाल्या होत्या. आज असे साडेतीन हजारांहून जास्त खांब उभे आहेत, पसारा साधारण पावणेपाच एकर, आणि हे सगळं मिळून एकच झाड, वय अडीचशे वर्षांच्या पुढे. म्हणजे १७८७ मध्ये कर्नल रॉबर्ट किडने कंपनी सरकारसाठी ही बाग काढली त्याच्या आधीपासूनचं हे. खजुराच्या झाडावर रुजलेलं आणि खाली एक फकीर बसायचा अशी गोष्ट सांगतात, खरीखोटी देव जाणे, पण वड असाच दुसऱ्याच्या डोक्यावर उगवतो हे आपण जुन्या वाड्यांच्या भिंतींवर बघतोच.

भोवती ३३० मीटरचा रस्ता केलाय, झाड कधीच तो ओलांडून बाहेर गेलंय. आत जाता येत नाही, कुंपण आहे. काहीजण यावर कुरकुर करतात पण मला पटलं, आपल्याकडची जुनी झाडं बघा ना, बदाम आणि बाण कोरून साल सोलून ठेवलेली असते. वटपौर्णिमेला इथे सात फेऱ्या घालायच्या झाल्या तर सव्वादोन किलोमीटरच्या वर चाल होते हे मी काकूंना सांगितलं, त्या म्हणाल्या एकच जन्म पुरे.

रस्त्यावरून नुसता वळसा घालून निघू नका. एका जागी थांबून नवीन पारंब्या शोधा. वरून लोंबणारा तपकिरी झुबका, टोकं पिवळसर आणि ओलसर, हात लावला तर मऊ. त्याच्याच शेजारी जमिनीत घुसून हत्तीच्या पायाएवढी झालेली पारंबी. पारंबी नीट सरळ खाली यावी म्हणून पोकळ बांबूत माती भरून त्यातून खाली आणतात, अशी एखादी दिसली तर बघाच, माझ्यासाठी पैसे तिथेच वसूल. २०२० च्या अम्फान वादळातही बऱ्याच पारंब्या गेल्या, तरी झाड उभंय.

फोटोच्या नादाला लागू नका, अख्खं झाड फ्रेममध्ये मावत नाही, आणि ड्रोनमधून काढलेले फोटो बघून गेलात तर हमखास निराश व्हाल. जगातलं सगळ्यात मोठं झाड असंही कोणी ऐकवेल, तर आंध्रातला थिम्मम्मा मारिमानू हा वड पसाऱ्यात याहून मोठा आहे, गिनीजमध्ये त्याचीच नोंद आहे. पण तो पार आडगावात, हा शहरातून बसने गाठता येतो.

बाकी बाग पावणेतीनशे एकरांच्या आसपास आहे, सगळी बघायचा हट्ट धरलात तर पाय बोलतील. वड, मग तळ्यातली ती परातीएवढ्या पानांची कमळं आणि नदीकाठ, एवढं बस. पाण्याची बाटली घरूनच न्या, चपला नको बूट घाला, आणि हिवाळ्यात सकाळीच जा, मे महिन्यात तिथल्या दमटपणात वडाची सावलीही कामाला येत नाही. माझ्याकडून ५ पैकी साडेचार. अर्धा कापला तो कॅबवाल्याच्या नावाने.