लॉकआउट-टॅगआउट किट, आठ महिने वापरल्यानंतर (ऑर्डर करायच्या आधी पॅनल उघडून बघा)

मी भोसरी एमआयडीसीत पत्र्याचे पार्ट दाबून काढणाऱ्या एका छोट्या प्रेस शॉपचं मेंटेनन्स बघतो, ११ पॉवर प्रेस, २ स्क्रॅप कन्व्हेयर (पत्र्याचे उरलेले तुकडे वाहून नेणारे पट्टे), एक कॉम्प्रेसर, साधारण ४० माणसं. मालकांच्या मागे लागून लागून शेवटी लॉकआउट-टॅगआउटचं किट ऑनलाइन मागवलं, साडेचार हजारांच्या आसपास पडलं. लाल बॅगेत ६ कुलपं, २ हॅस्प (एकाच जागी बरीच कुलपं लावायचा आकडा), एमसीबीला (लोड वाढला की आपोआप पडणारा, म्हणजे ट्रिप होणारा पॅनलमधला स्विच) लावायच्या ४ क्लिपा, मोठ्या ब्रेकरची एक, बॉल व्हॉल्व्हची २, एक केबलवालं आणि १० टॅग. आता आठ महिने झाले, रोज वापरात आहे, म्हणून लिहितोय.

ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मशीनमध्ये हात घालायच्या आधी मेन बंद करायचा, बंद केलेल्या जागी आपलं कुलूप मारायचं, टॅगवर नाव आणि वेळ लिहायची आणि किल्ली आपल्या खिशात. काम संपवून आपण येईपर्यंत ते मशीन कोणी चालू करूच शकत नाही. जुने फिटर हे कुलपाशिवाय करायचे. मी अ‍ॅप्रेंटिस होतो तेव्हा आमचे फिटरकाका तिन्ही किटकॅट फ्यूज उपसून खिशात घालायचे आणि मगच प्रेसखाली शिरायचे, काम अर्धवट टाकून जेवायला गेले तरी फ्यूज खिशातच. पुढे पॅनलमध्ये एमसीबी आले आणि ही सवय गेली, एमसीबी काही खिशात घालता येत नाही, आणि खाली केलेली दांडी येणारा-जाणारा कोणीही वर करतो.

मीच केलीय एकदा. २०१६ साली दुसऱ्या एका कंपनीत शिफ्ट सुपरवायझर होतो. थर्ड शिफ्ट, पहाटे चारचा सुमार, स्क्रॅप कन्व्हेयर बंद पडलेला, प्रेसखाली स्क्रॅप साचत चाललेला आणि ऑपरेटर हाका मारतायत. पॅनल उघडलं तर एमसीबी खाली. बऱ्याच एमसीबीत ट्रिप झालेली दांडी आणि हाताने पाडलेली दांडी दिसायला सारखीच असते, आणि तो कन्व्हेयर महिन्यातून दहादा ट्रिप व्हायचा, मी नेहमीसारखी दांडी वर केली. सिलेक्टर ऑटोवरच होता, करंट आला तसा पट्टा फिरला. पलीकडच्या खड्ड्यात आमचा फिटर अडकलेला पत्र्याचा तुकडा काढत होता, एमसीबी त्यानेच पाडला होता, त्याचं काहीच चुकलं नव्हतं. उजव्या हाताची दोन बोटं गेली त्याची.

चौकशीत कारण लिहिलं ‘मानवी चूक’ आणि उपाय लिहिला ‘संबंधितास समज दिली’. सही घेतली, भिंतीवर अजून एक बोर्ड लागला. चूक माझीच, मी ती कधी नाकारली नाही, त्याच्या घरी अजून जातो. पण मला नीट आठवतंय, मी झोपेत नव्हतो की मोबाइलवर नव्हतो, लाइन थांबू नये म्हणून धावपळ करत होतो, आणि माझ्या जागी दुसरा कोणी असता तरी त्याने दांडी वरच केली असती. दोनशे रुपयांचं कुलूप त्या एमसीबीवर असतं तर मी चिडलो असतो, कोणाचं आहे म्हणून शोधत फिरलो असतो आणि तो मला खड्ड्यात दिसला असता. दहा वेळा तरी मी हे मनात परत परत चालवून बघितलंय.

तर किटबद्दल. कुलपं उत्तम, बॉडी नायलॉनची त्यामुळे पॅनलमध्ये वापरायला बरी, तेल-कूलंट लागून पण अजून घट्ट आहेत. पण प्रत्येक कुलपाला दोन किल्ल्या येतात आणि इथे पहिला घोळ होतो. मालक म्हणाले दुसरी ऑफिसात ठेवू. मी नाही म्हटलं, कारण ऑफिसात किल्ली आहे म्हटल्यावर घाईच्या वेळी ती कोणीतरी आणणारच. सगळ्या जादा किल्ल्या आम्ही ग्राइंडरवर घासून टाकल्या. किल्ली हरवली तर माणूस समोर उभा करायचा आणि कुलूप कापायचं.

हॅस्प ही या किटमधली सगळ्यात भारी गोष्ट. कात्रीसारखा उघडतो, ६ भोकं आहेत, एकाच मशीनवर जितके जण तितकी कुलपं. आमच्याकडे गुरुवारी सुट्टी, मोठी कामं तेव्हाच निघतात, एका प्रेसवर फिटर, इलेक्ट्रिशियन, हेल्पर आणि एखादा बाहेरचा हायड्रॉलिकवाला असे चौघे असतात. शेवटचं कुलूप निघाल्याशिवाय मेन चालू होत नाही. म्हणून ६ कुलपं कमी पडतात, आम्ही नंतर अजून ८ घेतली आणि कॉन्ट्रॅक्टच्या पोरांना पण प्रत्येकी एक दिलं, उलट त्यांना आधी दिलं पाहिजे, मशीनच्या पोटात त्यांनाच पाठवतात.

एमसीबीच्या क्लिपांवर मात्र नाराज आहे. चारातल्या दोनच बसल्या. त्यांच्या पिना दांडीच्या बाजूच्या भोकांत अडकतात आणि आमच्या जुन्या एमसीबींना भोकंच नाहीत. स्क्रूने आवळायची वेगळी क्लिप मिळते ती मागवावी लागली. जाहिरातीत ‘सर्व एमसीबींसाठी’ लिहिलंय ते साफ खोटं आहे. टॅग पण रद्दी, इंग्रजी आणि हिंदीत, आणि कूलंटचा हात लागला की शाई पुसते. आम्ही जवळच्या प्रिंटिंगवाल्याकडून मराठीत जाड प्लास्टिकचे करून घेतले, वर माणसाचा फोटो. फोटोचा फरक पडतो, नाव वाचून कोणी थांबत नाही पण ओळखीचा चेहरा दिसला की हात थबकतो.

एक गोष्ट किटच्या माहितीपत्रकात धड सांगितलेली नाही. मेनला कुलूप मारलं म्हणजे मशीन मेलं असं नाही. प्रेसचं फ्लायव्हील, म्हणजे ते जड चाक, मेन बंद केल्यावर पण फिरत राहतं, क्लचच्या लाइनमध्ये हवा भरलेली असते, मोटरच्या ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते, रॅम (वरून दाबणारा जड भाग) वर असेल तर तो खाली यायला विजेची गरजच नाही. फ्लायव्हील थांबू द्या, हवा सोडा, रॅमखाली ब्लॉक लावा आणि मग स्टार्टचं बटण दाबून बघा, काहीच हललं नाही तरच हात आत. आणि इमर्जन्सी स्टॉप दाबून काम करणारे भरपूर आहेत, तो मेन नाही, त्याच्या भरवशावर आत जाऊ नका.

शिफ्ट बदलताना खरी परीक्षा होते. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा तेलफलाटावर ६ जुलै १९८८ ला हेच झालं, एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दिवसा काढून नेलेला, रात्रपाळीला ते कळलंच नाही, दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा चालू केला, गॅस गळून स्फोट झाला, १६७ माणसं गेली. परमिटचा, म्हणजे कशावर काम चालू आहे ते लिहिलेला, कागद होता की, पण तो ज्यांना दिसायला हवा होता त्यांना दिसला नाही. आमच्याकडे एप्रिलमध्ये सेकंड शिफ्टचा फिटर कुलूप विसरून मोशीला घरी गेला. प्रॉडक्शनवाले कटर घेऊन आले. मी फोन करून त्याला परत बोलावलं, पाऊण तास प्रेस बंद, मला बरंच ऐकावं लागलं, पण कुलूप त्यानेच काढलं.

मालक खर्चाला नको म्हणत होते तेव्हा मी त्यांना १९४८ च्या कारखाना कायद्यातलं कलम २४ दाखवलं (तो कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये रद्द होऊन त्याच्या जागी नवी संहिता आली). चुकून ऑफचा ऑन होऊ शकेल असा स्विच असेल तर तो सुरक्षित स्थितीत लॉक करायची सोय हवी, हे १९७६ च्या दुरुस्तीपासून त्यात लिहिलेलं होतं. ते बघितल्यावर दुसऱ्या दिवशी ऑर्डर गेली.

पाचात चार स्टार, एक क्लिपांसाठी कापला. घेताना आधी पॅनल उघडून प्रत्येक एमसीबीचा बाजूने फोटो काढा आणि विकणाऱ्याला पाठवा, आणि कुलपं माणसं मोजून घ्या, मशीन मोजून नको.