पार्ल्यातले घर आणि सोसायटीचा पार्किंग स्टिकर : अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही विलेपार्ले पूर्वेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, एका जुन्या सोसायटीत पहिल्या मजल्यावरचे घर घेतले. इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची आहे, घरे २४ आहेत आणि कंपाउंडमध्ये ९ गाड्या उभ्या राहतात. ज्या सभासदाकडे त्या वर्षाचा स्टिकर असेल त्याचीच गाडी फाटकाच्या आत येते. बाकीच्यांनी गल्लीत जागा शोधायची. घर हवेशीर आहे, शेजार चांगला आहे, आणि त्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. इथे मी केवळ पार्किंगविषयी लिहिते आहे, कारण खरेदीच्या वेळी आम्ही सगळ्यांत कमी चौकशी केली ती याच गोष्टीची, आणि नंतर रोजच्या जगण्यात सगळ्यांत जास्त जाणवली तीही हीच.

जाहिरातीत ‘कार पार्किंगसह’ असे लिहिलेले होते. घर दाखवताना विक्रेत्यांनी आम्हाला खाली नेऊन आंब्याच्या सावलीतली ७ क्रमांकाची जागा दाखवली आणि आपल्या गाडीच्या काचेवरचा स्टिकरही दाखवला. बोलणी करताना त्यांनी पार्किंगचे म्हणून ५ लाख रुपये भावात धरले होते, आणि मुंबईत ही रक्कम जास्त नाही असे समजून आम्ही ती मान्य केली. करारनाम्याच्या मसुद्यात मात्र पार्किंगचा उल्लेख कुठेच नव्हता. आमच्या वकिलांनी तो मुद्दा काढला, तेव्हा ‘ते सोसायटीकडून आपोआप तुमच्या नावावर होते’ असे उत्तर मिळाले आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवला.

भागदाखल्यावर (सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर) आमचे नाव चढल्यानंतर मी स्टिकर मागायला सोसायटीच्या कार्यालयात गेले. सेक्रेटरी काकांनी मला बसवून घेतले, उपविधींची (सोसायटीच्या नियमांची) प्रत समोर ठेवली आणि शांतपणे समजावले. जागा सोसायटीची आहे. ती सभासदाला वर्षभर वापरायला दिली जाते. ती विकण्याचा किंवा दुसऱ्याच्या नावावर करण्याचा हक्क सभासदाला नाही. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर दर वर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप होते. विक्रेते घर सोडून गेले त्याच दिवशी ७ क्रमांकाची जागा सोसायटीकडे परत आली होती आणि प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या सभासदाला मिळाली होती. यादीत आम्ही दुसरे होतो. त्या वर्षीची सोडत सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेतच होऊन गेली होती. काकांचा एकही शब्द चुकीचा नव्हता, आणि घर घेण्याआधी आम्ही त्यांना फक्त एकदा भेटलो असतो तर हेच सगळे त्यांनी तेव्हाही सांगितले असते.

नंतर मी कायदा वाचून काढला. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात स्पष्ट केले की, स्टिल्टखालची, म्हणजे इमारतीच्या खांबांमधली मोकळी पार्किंगची जागा म्हणजे गॅरेज नव्हे. ती इमारतीच्या सामाईक भागात मोडते आणि बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याखालच्या नव्या प्रकल्पांत उघड्या पार्किंगसाठी पैसे आकारता येत नाहीत, आणि आच्छादित पार्किंग दिले असेल तर त्याचा तपशील करारनाम्यात यावा लागतो. आमच्यासारख्या जुन्या इमारतीतल्या पुनर्विक्रीच्या घराला रेराची ही चौकट लागू होत नाही. तिथे सोसायटीचे उपविधी आणि सर्वसाधारण सभेचे ठराव हेच शेवटचे. म्हणजे आम्ही ज्यासाठी ५ लाख मोजले ती गोष्ट विक्रेत्यांच्या मालकीची कधी नव्हतीच.

ऑक्टोबर ते मे असे आठ महिने आमची गाडी गल्लीत राहिली. आमच्या गल्लीत सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाडी लावायची, असा फलक आहे. कागदावर हा नियम सोपा वाटतो, पण तारीख मध्यरात्री बदलते आणि माणूस सकाळी उठतो. रात्री अकराला योग्य बाजूला लावलेली गाडी सकाळी सहाला चुकीच्या बाजूला असते. मी मोबाइलमध्ये पावणेसहाचा गजर लावला होता. खाली जाऊन गाडी समोरच्या बाजूला नेईपर्यंत दुधवाले आणि शाळेच्या बस सुरू झालेल्या असत, आणि समोर जागा नसेल तर पुढच्या गल्लीपर्यंत जावे लागे. महिन्याची ३१ तारीख आणि पुढची १ तारीख दोन्ही विषम असतात, त्यामुळे त्या एका सकाळी गाडी हलवावी लागत नाही, हेही मला तेव्हाच पाठ झाले. एकदा नाशिकहून रात्री उशिरा परतलो, सकाळी जाग आली नाही आणि गाडी उचलून नेली गेली. दंड नियमाप्रमाणेच होता आणि चूक आमची होती.

मला खरोखर लागले ते फेब्रुवारीत. सासूबाईंचे गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि त्यांना रुग्णालयातून घरी आणले, तेव्हा फाटकासमोर दोन अनोळखी गाड्या उभ्या होत्या. वॉचमनदादांनी प्लास्टिकची खुर्ची आणली आणि वॉकर धरून त्या जवळजवळ पन्नास पावले, मध्ये दोनदा त्या खुर्चीत बसत, घरापर्यंत आल्या. आत ४ क्रमांकाची जागा त्या वेळी रिकामी होती, कारण ते सभासद कामावर गेले होते. पण स्टिकर नसलेली गाडी आत घ्यायची नाही हा नियम, आणि वॉचमनदादांची नोकरी त्या नियमावर.

जूनमध्ये आमचा क्रमांक लागला. यादीत आमच्या पुढे असलेल्यांना मार्चमध्ये जागा मिळाली होती, आणि आता आणखी एक कुटुंब मुलीकडे पुण्याला राहायला गेले होते. आम्हाला ९ क्रमांकाची जागा मिळाली, पाण्याच्या पंपाच्या खोलीला लागून. मी टेपने मोजली. मुंबईच्या बांधकाम नियमांत मोठ्या गाडीसाठी अडीच मीटर रुंद आणि साडेपाच मीटर लांब जागा धरलेली असते. ही रुंदीला जेमतेम २.१ मीटर भरली. आमची गाडी पावणेदोन मीटर रुंद आहे, त्यामुळे डावीकडचे दार उघडत नाही आणि सासूबाईंना आधी उतरवून मगच गाडी आत घालावी लागते. जुलैच्या जोरदार पावसात त्या कोपऱ्यात घोटाभर पाणी साचले. तरीही रात्री दहाला थेट फाटकातून आत येता येणे आणि सकाळचा गजर बंद करता येणे, याचे मोल मी कमी लेखणार नाही.

माझे दीर लंडनमध्ये राहतात. तिथे अनेक भागांत नगरपालिका रहिवाशांना रस्त्यावर गाडी लावण्याचा परवाना देते, पण परवाना घेतला म्हणजे ठरावीक जागा राखीव होत नाही, आणि काही नव्या इमारती तर तिथल्या रहिवाशांना असा परवाना मिळणार नाही याच अटीवर उभ्या राहतात. घर घेणाऱ्याला ही गोष्ट आधी कळते, हा त्यातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग. आमच्या गल्लीचा रस्ता सगळ्यांचा आहे. तिथे कर भरणाऱ्या रहिवाशाचा आणि बाजाराला आलेल्या माणसाचा हक्क सारखाच, आणि ते मला मान्य आहे. मात्र सोसायटीच्या आतल्या वाटपाची माहिती खरेदीदाराला ना हरकत पत्राबरोबरच लेखी दिली जावी, असे मला मनापासून वाटते.

पार्ल्यात जुने घर पाहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विमानतळाच्या फनेल झोनमुळे, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या वाटेखालच्या पट्ट्यामुळे, इथल्या इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे आणि त्यामुळे अनेक सोसायट्यांचा पुनर्विकास वर्षानुवर्षे रखडला आहे. ‘दोन वर्षांत टॉवर होईल, प्रत्येकाला पार्किंग मिळेल’ असे दलालाने सांगितले तरी त्यावर भाव ठरवू नये. शिवाय मुंबईच्या सध्याच्या विकास नियमावलीत (डीसीपीआर २०३४) ४५ चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्राच्या चार घरांमागे एकच पार्किंग बंधनकारक आहे. घर पसंत पडले तर एखाद्या कामाच्या दिवशी रात्री साडेनऊनंतर त्या गल्लीत जाऊन उभे राहावे, फाटकापाशी वॉचमनशी बोलावे, आणि सेक्रेटरींकडून गाड्या किती, जागा किती, यादीत किती जण आहेत आणि मागची सोडत कधी झाली हे लिहून घ्यावे. आम्ही हे केले असते तरी बहुधा हेच घर घेतले असते, मात्र ते ५ लाख दिले नसते.

या महिन्याच्या अखेरीस सर्वसाधारण सभा आहे. या वर्षी ९ जागांसाठी १२ अर्ज आले आहेत, कारण दोन कुटुंबांनी नव्या गाड्या घेतल्या आणि एक नवे सभासद आले. दिवसा रिकामी असलेली एक जागा आजारी आणि वृद्ध माणसांना उतरवण्यासाठी अर्धा तास वापरू द्यावी, असा लेखी प्रस्ताव मी समितीकडे दिला आहे. ४ क्रमांकाच्या जागेच्या सभासदांनी त्यावर अनुमोदक म्हणून सही केली आहे. आमची चिठ्ठी निघाली नाही तर गाडी १ ऑक्टोबरपासून पुन्हा गल्लीत जाईल.