रायझन ५ ५६००जी वापरल्यानंतर: प्रोसेसर ठीक आहे, आधी रॅमचं बोला

एएमडीच्या या प्रोसेसरच्या स्पेसिफिकेशनचा पाढा म्हणत नाही. सहा कोअर, बारा थ्रेड, झेन ३, पोटात व्हेगा ७ ग्राफिक्स, ६५ वॅट. हा प्रोसेसर ज्याच्या डोक्यात घोळतोय त्याला हे सगळं तोंडपाठ असतं. मी लिहायला बसलोय ते मदरबोर्डवरच्या रॅमच्या एका मेलेल्या स्लॉटमुळे. वेगळं ग्राफिक्स कार्ड न घेता पैसे वाचवले म्हणून आपण मिरवत असतो, पण ती सगळी बचत त्या दुसऱ्या स्लॉटवर उभी असते, हे तो गेल्यावर चांगलंच समजलं.

गंमत म्हणजे मशीन बंद पडलंच नाही. विंडोज सुरू होत होती, ब्राउझर चालत होता, एक्सेलच्या फायली उघडत होत्या. फक्त व्हॅलोरंट हा गेम, जो लो सेटिंगवर एरवी शंभर एफपीएसच्या (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वर निवांत पळायचा, तो मध्येच गचके खायला लागला. जीटीए ५ ला ज्या सेटिंगवर साठाच्या आसपास एफपीएस मिळायचे, तिथेच तो पस्तीस-चाळिशीत लोळायला लागला. पहिला संशय ड्रायव्हरवर, म्हणून तो काढून पुन्हा टाकला. मग विंडोजच्या अपडेटवर. मग तापमानावर, धूळ झटकून झाली. शेवटी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर नजर गेली तर १६ ऐवजी ८ जीबी. त्यातली २ जीबी बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेली, म्हणजे विंडोजच्या हातात उरली सहा. ढीगभर टॅब आणि एक गेम सहा जीबीत कोंबल्यावर मशीन रडणारच.

आठ जीबी गेली त्याचा त्रास होताच, पण गेममधला मोठा मार चॅनल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधल्या दोन वाटांपैकी एक, गेल्याचा. वेगळ्या कार्डावर स्वतःची मेमरी असते. जीटीएक्स १६५० सारख्या साध्या, जुन्या कार्डालाही त्याच्या जीडीडीआर५ मधून सेकंदाला १२८ जीबी मिळतात. ५६००जीच्या ग्राफिक्सकडे स्वतःचं काहीच नाही. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी देते. दोन स्टिक दोन वेगळ्या चॅनलवर असतील तर ५१.२. तेवढ्यातच सहा कोअरचंही भागायचं आणि व्हेगाचंही. एका नळावर दोन बिऱ्हाडं, त्यात माझा नळ अर्धा बंद झालेला. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू नसेल तर अजून वाईट. ३२०० छापलेली स्टिक गुपचूप २४०० किंवा २६६६ वर धावत राहते आणि कुठेही इशारा येत नाही. २४०० वर एका चॅनलचा आकडा १९.२ आहे. एवढ्यात या ग्राफिक्सने करायचं काय?

म्हणून 'सध्या १६ ची एकच स्टिक घ्या, पुढे दुसरी टाकता येईल' हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. वेगळं कार्ड लावणाऱ्याला तो सल्ला चालून जाईल. ज्याला प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर दिवस काढायचेत त्याला १६ ची एक देणं म्हणजे आजच अर्धं मशीन विकणं. आठ-आठच्या दोन घ्या. तयार मशीन घेत असाल तर झाकण उघडून मोजा, किंवा सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर टाकून मेमरीच्या पानावर चॅनल बघा. टास्क मॅनेजर किती स्लॉट भरलेत ते सांगतो, चॅनलचं सांगत नाही. चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरच्या बाजूने दुसरा आणि चौथा भरायचा असतो. शेजारीशेजारी दोन खुपसल्या तर त्या बहुतेक बोर्डांवर एकाच चॅनलवर बसतात. १६ जीबी पूर्ण दिसते, वेग मात्र अर्धा. असं मशीन वर्षानुवर्षं वापरणारे लोक आहेत आणि ते 'इनबिल्ट ग्राफिक्स म्हणजे असंच असणार' म्हणून गप्प आहेत.

आता निदान. दोन्ही स्टिक आळीपाळीने पहिल्या स्लॉटमध्ये लावल्या, दोन्ही चालल्या. दोन्ही दुसऱ्यात लावल्या, एकीवरही स्क्रीन येईना. म्हणजे रॅम निर्दोष. पण एवढ्यावर बोर्डाला फासावर चढवता येत नाही, कारण मेमरी कंट्रोलर बोर्डावर नसतो, प्रोसेसरमध्ये असतो. एक चॅनल प्रोसेसरच्या बाजूनेही मरू शकतो, पिन वाकलेली असली तरी हेच होतं. मित्राचा रायझन आणून याच बोर्डावर बसवला, स्लॉट मेलेलाच. माझा ५६००जी त्याच्या बोर्डावर लावला, दोन्ही चॅनल ठणठणीत. मग बोर्डच.

बोर्डाची वॉरंटी शिल्लक होती. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दुसऱ्या कंपन्यांच्या बोर्डांबद्दलही याच चवीचे अनुभव कानावर आहेत. सर्व्हिस सेंटरने बोर्ड ठेवून घेतला आणि काही दिवसांनी 'टेस्ट ओके, दोष आढळला नाही' अशी चिठ्ठी जोडून परत दिला. विचारलं, टेस्ट कशी केली? तर एक स्टिक, पहिला स्लॉट, वेगळं ग्राफिक्स कार्ड. म्हणजे जो भाग बिघडलाय त्याला हात न लावता बोर्ड निरोगी ठरवला! वर काउंटरवरच्या साहेबांचा प्रश्न: "डिस्प्ले येतोय ना? मग प्रॉब्लेम काय आहे?" मी म्हटलं, साहेब, दोन स्लॉटचा बोर्ड विकलाय, दोन्ही स्लॉट चालायला हवेत, यात चर्चा कसली? मग दुसरा मुद्दा निघाला, "तुमच्या प्रोसेसरची पिन वाकलेली असेल." त्यासाठी मी तयारीने गेलो होतो. प्रोसेसर काढला तेव्हाच पिनांचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवले होते, आणि प्रोसेसर घरी. त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच प्रोसेसरने, दोन स्टिक लावून दाखवा म्हटलं. नाही लागल्या. तरी बदली बोर्ड यायला नको तेवढे दिवस गेले, आणि त्या काळात फोनवर दर वेळी मला रामायण पहिल्या कांडापासून सांगावं लागायचं.

एएम४ (५६००जी ज्या सॉकेटमध्ये बसतो तो) वाल्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. बोर्ड देताना प्रोसेसर कधीही सोबत देऊ नका. आणि कूलर काढताना थेट वर ओढू नका. या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि त्याला वरून दाबून धरणारी पट्टी नसते. प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट सुकलेली असली तर प्रोसेसर कूलरला चिकटूनच उपटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, स्क्रू सोडवा आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे पिळून मगच उचला.

नवा बोर्ड आला, दोन्ही स्टिक बसल्या, जीटीए पुन्हा साठीवर गेला. एवढं भांडल्यावर मी या प्रोसेसरवर चिडलेला असायला हवं, पण झालंय उलटच. घेताना हिशोब असा होता की कार्ड घेईपर्यंत वेळ काढायचा. आता कार्डाचा विचारच मागे पडलाय. १०८० पीवर जुने गेम आणि ऑनलाइन शूटर चालतात, व्हिडिओची हलकी काटछाट होते, सोबत आलेला रेथ स्टेल्थ कूलर रोजच्या कामात ऐकूही येत नाही. नवे, जड गेम ७२० पीवर खेळायची तयारी असेल तर काही चालतात, काही सरळ नाही म्हणतात. ज्याला ते खेळायचेत त्याने इथे वेळ घालवू नये. पुढे कार्ड नक्की घ्यायचंच असेल तरी हा प्रोसेसर घेऊ नका. साध्या ५६०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ एमबी आहे, यात १६, आणि त्यात पीसीआयई (कार्ड प्रोसेसरला जोडणारा मार्ग) ४.० आहे, यात ३.०. कार्ड लावल्यावर साधा ५६०० पुढे राहतो. त्यात ग्राफिक्स मात्र अजिबात नाही, म्हणजे कार्ड येईपर्यंत स्क्रीन काळी.

इथवर लिहून झाल्यावर त्याच मित्राकडून ३६०० च्या दोन स्टिक आणून लावल्या, कारण माझ्याच लेखावरून वाटलं की रॅम एवढी महत्त्वाची असेल तर अजून वेगवान का नको? कागदावर ५१.२ चे ५७.६ जीबी होतात. गेममध्ये तीन-चार एफपीएस वाढले असतील, तेही काउंटर लावला म्हणून कळलं. तेव्हा रॅमबद्दलचा माझा हट्ट जरा आवरता घेतो: दोन स्टिक आणि एक्सएमपी, तिथे थांबा. रंगीत दिव्यांच्या महागड्या स्टिकांवर पैसे उडवू नका.

ग्राफिक्ससाठी बायोसमध्ये किती मेमरी राखायची यावरही लोक तावातावाने भांडतात. राखीव ५१२ एमबी ठेवली तरी गरज पडली की ड्रायव्हर सामायिक मेमरीतून आणखी उचलतो. काही गेम सुरू होताना राखीव आकडा बघून कुरकुर करतात म्हणून मी २ जीबीवर ठेवलीय. १६ जीबीत एवढं परवडतं. आठवरच असाल तर ऑटोवर सोडा.

खरी उणीव मला यूट्यूबवर सापडली. व्हेगा ग्राफिक्समध्ये एव्ही१ (व्हिडिओ दाबून लहान करण्याचा एक प्रकार) चं हार्डवेअर डिकोडिंग नाही. एचईव्हीसी आहे, व्हीपी९ आहे, एव्ही१ नाही. व्हिडिओ एव्ही१ मध्ये आला की सगळं ओझं कोअरवर येतं. १०८० पीला फरक जाणवत नाही, पण ४के लावलं की प्रोसेसरचा वापर चढतो आणि एरवी मुका असलेला फॅन बोलायला लागतो. ब्राउझरमध्ये एव्ही१ बंद करणारं एक्स्टेन्शन टाकलं, यूट्यूब व्हीपी९ द्यायला लागलं, आवाज गेला. इथे इंटेलचा आय३-१२१०० उजवा आहे. चारच कोअर, यूएचडी ७३० ग्राफिक्स गेममध्ये व्हेगाच्या जवळपासही नाही, पण एव्ही१ हार्डवेअरवर चालतं. घरात फक्त सिनेमे, ब्राउझर आणि ऑफिसचं काम असेल तर मी सरळ तोच घ्या म्हणेन. फक्त नावामागचं अक्षर नीट वाचा: १२१००एफ मध्ये ग्राफिक्स नाही. थोडा स्वस्त दिसतो म्हणून लोक तो उचलतात आणि मग 'डिस्प्ले येत नाही' म्हणून बोर्डावर संशय घेतात.

एचडीएमआयचंही तसंच. प्रोसेसर ४के ६० हर्ट्झ देऊ शकतो, पण पोर्ट बोर्डाचा असतो. स्वस्त बोर्डावर एचडीएमआय १.४ असेल तर ४के फक्त ३० हर्ट्झवर, माउस हलवला तरी डोळ्यांना त्रास. बोर्ड घेताना स्पेसिफिकेशनच्या पानाच्या तळाशी लिहिलेला हा एक आकडा बघाच. जुना बी४५० (एएम४ चा एक चिपसेट) बोर्ड कोणाकडून घेणार असाल तर त्याचा बायोस ५६००जी ओळखण्याइतका नवा आहे का तेही विचारा.

आता नेहमीचा प्रश्न, हा घ्यावा की एएमडीचाच नंतरचा ८६००जी? ८६००जी मधलं रेडिऑन ७६०एम व्हेगाच्या खूप पुढे आहे, एव्ही१ डिकोड करतं, एन्कोडही करतं. पण ते एएम५ या नंतरच्या सॉकेटवर, म्हणजे डीडीआर५ आणि नवा बोर्ड, दोन्ही घ्यावंच लागतं. व्हेगाचे ड्रायव्हर एएमडीने २०२३ पासून वेगळ्या, संथ गाडीत बसवलेत, त्यामुळे नव्या गेमसाठी खास सुधारणांची आशा ५६००जीवाल्यांनी ठेवू नये. सगळंच नव्याने जुळवत असाल आणि बजेट ताणता येत असेल तर ८६००जी. ८५००जी मात्र मी टाळेन. त्यातलं ७४०एम, ७६०एमच्या आठऐवजी चारच कम्प्यूट युनिटचं आहे आणि पुढे कार्ड लावलं तर त्याला पीसीआयईच्या चारच लेन मिळतात. घरात एएम४ चा बोर्ड आणि डीडीआर४ च्या दोन स्टिक आधीच पडून असतील तर ५६००जी घ्या, आणि ऑर्डर देण्याआधी त्या बोर्डाचा दुसरा स्लॉट चालतोय का ते एकदा स्टिक लावून बघा.