पॉवर बँक फुगली आणि बिल मामाच्या ईमेलमध्ये: प्रवासाला मिळालेल्या भेटवस्तू, महिनोन्महिने वापरल्यानंतर

'ही खरेदी तुमच्या नावावर दिसत नाही. ज्यांनी घेतली त्यांनाच संपर्क करायला सांगा.' पॉवर बँकच्या कंपनीकडून मध्यंतरी पुन्हा पुन्हा हेच उत्तर येत होतं, म्हणून हे सविस्तर लिहायला बसले.

सॅक पाठीवर टाकून अनेक महिने फिरायचं ठरलं तेव्हा घरच्यांनी आणि मित्रमैत्रिणींनी भरपूर वस्तू दिल्या. सगळ्या मनापासून दिलेल्या, बऱ्याचशा चौकशी करून घेतलेल्या. त्यातल्या जेमतेम निम्म्या आज माझ्याजवळ आहेत. अशा प्रवासाला निघणाऱ्या कुणाला काही द्यायचं तुमच्या मनात असेल, तर माझा हा वैताग तुमच्या कामी यावा.

मामाने दिलेली पॉवर बँक २०,००० एमएएचची. निवड अगदी योग्य होती. आतल्या सेलचे ३.७ व्होल्ट धरले तर ती ७४ वॉट-अवर होते, आणि विमानात साधारणपणे १०० वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीला विचारावं लागतं. आणि ती कायम हातातल्या बॅगेत ठेवायची, चेक-इनच्या सामानात चालत नाही. फोन तीनेक वेळा आरामात भरायचा. कित्येक महिने मी तिच्यावर खूश होते.

मग एका सकाळी टेबलावर ठेवली तर ती डुगडुगायला लागली. कडेचा सांधा उकलला होता आणि मधला भाग वर आला होता. लिथियम बॅटरी आत वायू धरून अशी फुगली की तिला चार्जिंगला लावायचं नाही, दाबायचं नाही, टोचायचं तर अजिबात नाही. इथवर ठीक, बॅटरी आहे, खराब होऊ शकते. वॉरंटीही शिल्लक होती. पण कंपनी म्हणाली, वस्तू आमच्या केंद्रात पाठवा, तपासून बदलून देऊ. केंद्र कुठे, तर खरेदी झालेल्या देशात. आता फुगलेली बॅटरी विमानात नेता येत नाही आणि साध्या टपालाने दुसऱ्या देशात पाठवताही येत नाही. मी हे लिहिलं, तर उत्तर आलं की बिल जोडा. बिल मामाच्या ईमेलमध्ये. मामा ईमेल उघडतो सवडीने. त्याने शोधून पाठवलं तेव्हा कंपनीने नावाचा मुद्दा काढला.

शेवटी मी सीरियल नंबर दिसेल असे फोटो पाठवले, बॅटरी ई-कचऱ्याच्या संकलनात जमा केल्याची पावती पाठवली, आणि मामाने स्वतः फोन लावला. तेव्हा कुठे नवी मिळाली. तीही मामाच्या पत्त्यावर. मधल्या काळात फोनवर नकाशा आणि तिकिटं असल्याने मला इथे दुसरी विकत घ्यावीच लागली. एका वस्तूचे पैसे घरात दोनदा गेले, हे मला अजून टोचतंय.

त्यामुळे माझं पहिलं कळकळीचं सांगणं वस्तूबद्दल नाहीच. विजेवर चालणारं काहीही देणार असाल तर बिलाचा आणि सीरियल नंबरचा फोटो त्याच दिवशी त्या माणसाच्या फोनवर पाठवा. शक्य असेल तर बिलच त्याच्या नावाने करा. वॉरंटी दुसऱ्या देशात चालते का, हे पैसे देण्याआधी दुकानदाराला स्पष्ट विचारा. चालत नसेल तर पैसे हातात द्या आणि वाटेत घ्यायला सांगा. भेट थोडी रुक्ष वाटेल, पण कामाची ठरेल.

सगळ्या देशांत चालणारा तो चौकोनी अ‍ॅडॉप्टर मी केव्हाच दुसऱ्याला देऊन टाकला. जड असतो, आणि सैल झालेल्या सॉकेटमधून स्वतःच्याच वजनाने बाहेर येतो. रात्रभर चार्जिंगला लावलेला फोन सकाळी १२ टक्क्यांवर. शिवाय असा अ‍ॅडॉप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो, व्होल्टेज बदलत नाही. फोन आणि लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं म्हणून ते निभावतात. एकाच व्होल्टेजचा हेअर ड्रायर त्यावर लावला तर जळेल. त्यापेक्षा जायचंय त्या भागाचा साधा छोटा प्लग आणि दोन-तीन पोर्टचा एक चांगला चार्जर द्या.

डोक्याला बांधायच्या टॉर्चबद्दल माझं मत पूर्ण बदललं. फोनला टॉर्च असताना हा पट्टा कशाला, असं मी निघताना म्हणत होते. पण सामायिक खोलीत पहाटे सामान आवरायचं असतं तेव्हा दोन्ही हात मोकळे लागतात, आणि लाल उजेडात कुणाची झोप मोडत नाही. घेताना लाल दिवा आहे का आणि बटण लॉक होतं का, एवढं बघा. लॉक नसेल तर सॅकमध्ये दाबलं जाऊन ती आपोआप पेटते आणि गरजेच्या वेळी बॅटरी संपलेली असते.

मेरिनो लोकरीच्या टी-शर्टचंही असंच, फक्त उलट्या दिशेने. सलग चार-पाच दिवस घातला तरी वास येत नाही, हे अक्षरशः खरं आहे आणि पहिल्या महिन्यात मी सगळ्यांना तोच घ्या म्हणून सांगत होते. मग सॅकचा कंबरपट्टा जिथे घासतो तिथे भोकं पडायला लागली. पातळ मेरिनो घर्षणाला टिकत नाही. आता मी तो झोपताना घालते आणि चालताना साधा पॉलिस्टरचा. सहकाऱ्यांनी दिलेलं टीएसए कुलूप, म्हणजे अमेरिकेतल्या विमानतळ सुरक्षेला मास्टर किल्लीने उघडता येणारं, मात्र लॉकरला लावत नाही. त्याच्या मास्टर किल्ल्यांचे फोटो २०१४ साली वर्तमानपत्रात छापून आले होते आणि पुढच्या वर्षी थ्री-डी प्रिंट करायच्या फाइल्सही सगळीकडे पसरल्या.

पाण्याचा फिल्टर द्यायचा तर तो माणूस डोंगरात जाणार आहे का, हे आधी विचारा. ०.१ मायक्रॉनचा पोकळ तंतूंचा फिल्टर जिवाणू अडवतो, विषाणू नाही. आणि एकदा वापरलेला फिल्टर गोठला तर आतले तंतू फुटू शकतात, वरून काहीच कळत नाही. थंडीत मी तो पिशवीत घालून अंथरुणात घेऊन झोपते. शहरांतून फिरणाऱ्याला तो नुसता बोजा.

आता जिच्यामुळे माझा प्रवास खरंच वाचला ती भेट. धाकट्या बहिणीने स्वतः भरलेली मूठभर पिशवी: जाड सुई, मजबूत दोरा, पेन्सिलीच्या तुकड्यावर गुंडाळलेली चिकटपट्टी, कापडाला लावायची दोन ठिगळं, सेफ्टी पिना, छोटीशी पक्कड आणि चेनचे दोन रनर. दुकानातलं तयार किट नव्हे. तिने माझ्या सॅकची चेन बघून रनर आणले होते.

मोठ्या कप्प्याची चेन एके दिवशी लावली की मागून उघडायला लागली. अशा वेळी लोक चेनच गेली म्हणतात आणि सॅक बदलतात. दात बहुतेकदा ठीक असतात. रनरचे जबडे झिजून रुंद झालेले असतात, म्हणून तो दातांना एकमेकांत नीट दाबू शकत नाही. आधी पकडीने रनरच्या दोन्ही कडा हलकेच दाबल्या. तेवढ्यावर काही आठवडे निघाले. पुन्हा सुटायला लागली तेव्हा टोकाची शिवण उसवली, जुना रनर काढला, दातांची दोन्ही टोकं समपातळीत धरून नवा चढवला आणि टोक परत शिवून टाकलं. बसच्या थांब्यावर बसल्या बसल्या झालं. अख्खी नवी सॅक घेण्याचा खर्च वाचला, आणि ही अंगाला सवयीची झालेली सॅक सोडावी लागली नाही याचा आनंद त्याहून मोठा.

रनर घेताना त्याच्या मागच्या बाजूला बहुधा कोरलेला आकडा बघायचा, ५, ८ किंवा १०. बंद चेनच्या दातांची रुंदी साधारण तेवढे मिलिमीटर असते. नायलॉनच्या चेनचा रनर धातूच्या दातांना चालत नाही, त्यामुळे प्रकारही तोच हवा.

बहिणीची एक मैत्रीण आता निघते आहे. तिच्यासाठी तशीच पिशवी भरायला घेतली आहे. तिला सॅकच्या सगळ्या चेनांचे फोटो मागितलेत, मागचा आकडा वाचता येईल असे जवळून काढलेले.